संमतीचा तांब्या

याकोब उजागरे यांनी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर म्हणून छत्तीस वर्षं काढली. एवढ्या काळात त्यांनी जितक्या गाईम्हशींच्या पोटावरून हात फिरवला, तितक्या माणसांशी हात मिळवला नसेल, आणि त्याचं त्यांना अजिबात वाईट वाटत नव्हतं. जनावर लाथ मारायच्या आधी कान पाडतं, माणूस मात्र आधी हसतो, हे त्यांचं ठाम मत होतं. संगमनेरच्या चर्चमध्ये दर रविवारी पुढच्या बाकावर बसूनही या मतात काडीचा फरक पडला नव्हता.

दवाखान्यात म्हैस घेऊन आलेल्या बागाईतदाराला ते "काय रे, सडकी वैरण घातलीस ना?" म्हणून अरे-तुरेवर झापायचे, आणि म्हशीला मात्र "या बाई, जरा अशा उभ्या ऱ्हावा" म्हणायचे. निवृत्तीच्या समारंभात मोठ्या साहेबांनी भाषणात त्यांना 'मुक्या जनावरांचा आवाज' म्हटलं. उजागरे जागेवरनं उठून म्हणाले, "जनावर मुकं नसतंय साहेब, आपनच भैरे असतोय." साहेबांनी उरलेलं भाषण घडी करून खिशात घातलं. उजागऱ्यांनी शाल घेतली, नारळ घेतला आणि घरी आले.

अशा माणसाला कुणी 'तज्ज्ञ सल्लागार' म्हणून बोलवावं, हे खरं तर बोलावणाऱ्याचंच नशीब.

बोलावणारे होते डॉ. हर्षल सातपुते. संगमनेर सोडून पुण्याच्या अंगाला निघालं की डाव्या हाताला त्यांचं 'प्रसन्नमन मनोपचार व पुनर्वसन केंद्र' लागतं. ती इमारत आधी मंगल कार्यालय होती. नवरीच्या खोलीत आता डॉक्टरांची केबिन आहे, पंगतीच्या हॉलमध्ये खाटा आहेत, आणि जिथं नवरा-नवरी खुर्च्यांत बसून आहेर घ्यायची ते स्टेज तसंच ठेवलंय, कारण डॉक्टरांना स्टेज लागतं. डॉक्टर माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाला निदान आपण काय करतोय ते ठाऊक असतं. डॉक्टर उत्साही होते. बंगळुरूला तीन दिवसांचं शिबिर करून ते प्राण्यांच्या सहवासातून मनोपचार शिकून आले, प्रमाणपत्राला काचेची चौकट केली, आणि लगेच तालुक्याच्या पेपरात जाहिरात दिली: 'मनोरुग्णांच्या उपचारासाठी शांत, प्रेमळ व निरोगी प्राणी निवडणे आहे. मालकांनी प्राण्यासह उपस्थित राहावे.'

आता आपल्याकडं प्राणी आणि निवड हे दोन शब्द एका ओळीत आले की लोकांना एकच गोष्ट कळते, ती म्हणजे प्रदर्शन. ठरल्या दिवशी केंद्राच्या आवारात शिंगं रंगवलेला खिल्लारी बैल झूल घालून आला, वरातीत नाचणारा घोडा आला, दीड माणूस उंचीचा बोकड आला, आणि एका माजी सरपंचांनी कमरेला रिबीन बांधलेला लॅब्रॅडोर आणला. दोघा-तिघांनी हलगीवाला पण आणला होता. खाटांवरचे पेशंट खिडकीला येऊन उभे राहिले. बऱ्याच दिवसांनी त्यांना बाहेरचे लोक आपल्यापेक्षा जास्त बिघडलेले दिसत होते.

डॉक्टरांकडं गुणपत्रक होतं. मोठा आवाज केला तर प्राणी दचकतो का? अनोळखी माणसानं मिठी मारली तर काय करतो? अनोळखी माणूस म्हणून वॉर्डबॉय बिभीषणला उभं केलं होतं. बिभीषण जामखेडकडचा, चाळिशीचा, सांगितलेलं काम तसंच्या तसं करणारा. त्यानं खिल्लाऱ्याला मिठी मारली, आणि खिल्लाऱ्यानं त्याला मांडवाच्या खांबापर्यंत सुखरूप पोचवलं.

पैकीच्या पैकी गुण मिळाले एका तांबड्या कुत्र्याला. त्याच्या कानाशी हलगी वाजवली तरी तो हलला नाही. "काय शांतपणा आहे!" डॉक्टर म्हणाले. उजागऱ्यांनी कुत्र्याची पापणी वर केली, तोंडाचा वास घेतला.

"ह्याला खोकल्याचं औषध पाजलंय. हा शांत न्हाई डाक्टर, झिंगलाय."

"दोनच झाकनं दिली व्हती," मालक म्हणाला.

मग एक वासरू पुढं आलं. ते काही प्यायलेलं नव्हतं. त्याला ढकललं तर ते ढकललं जायचं, ओढलं तर ओढलं जायचं. डॉक्टर लिहायला लागले. उजागरे बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिले.

"ह्यानं मार लई खाल्लाय," ते म्हणाले. "आता तुमी ह्याला कायबी करा, ह्याला त्याचं काय न्हाई."

"म्हणजे सहनशक्ती जास्त आहे."

"न्हाई. आशा संपलीय."

डॉक्टरांनी ते वाक्य लिहून घेतलं नाही. गुणपत्रकात त्याला रकाना नव्हता.

उजागऱ्यांची निवडायची रीत अशी: एक बादली पालथी घालायची, जनावराकडं पाठ करून तिच्यावर बसायचं, आणि पाव तास काही करायचं नाही. जनावर आपणहून जवळ आलं तर पुढचं बघायचं, नाही आलं तर राम राम. आवारात हशा पिकला. सरपंच म्हणाले, उपचाराची गरज कुणाला आहे ते आता कळलं. उजागरे पाठ करून बसून राहिले. घोडा आला नाही, बोकड आला नाही, लॅब्रॅडोर आला पण तो सगळ्यांकडंच जात होता. शेवटी रतनबाई नावाच्या एका बाईनं आणलेली शेळी आली. अस्सल संगमनेरी, पांढरीशुभ्र, कानांना तपकिरी किनार. तिनं उजागऱ्यांची मान हुंगली, कानावरची पेन्सिल ओढून काढली, चावून पाहिली आणि खाली टाकून दिली. मग बिभीषण मिठी मारायला आला तशी ती दोन पावलं मागं सरली आणि डोकं खाली करून उभी राहिली.

"ह्या बाई चालतील," उजागरे उठत म्हणाले. "ह्यांना नको ते नको म्हनता येतं."

"काका, मला 'हो' म्हणणारा प्राणी हवाय."

"ज्याला न्हाई म्हनता येत न्हाई, त्याच्या 'हो'ला काय किंमत?"

डॉक्टरांना हे वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते स्वतःच्या नावानं मोबाईलवर टाकलं. शेळी घेतली गेली. रतनबाई डोळ्याला पदर लावून फाटकापर्यंत तीनदा मागं वळली. उजागऱ्यांनी शेळीची रक्ततपासणी करून घेतली, कारण शेळीचा ताप माणसाला लागतो. एकवीस दिवस वेगळी बांधली, जंताचं औषध दिलं, खुरं तासली. डॉक्टरांनी तिचं नाव 'सेरेनिटी' ठेवलं आणि तशी पाटी केली. उजागरे तिला मार्था म्हणायला लागले. बायबलमधली मार्था दिवसभर राबायची आणि तक्रार केली तर तिलाच चार शब्द ऐकावे लागायचे, म्हणून.

तिचे नियमही त्यांनीच केले. दिवसाला दोनच सत्रं, अर्ध्या तासाच्या वर नाही. सत्र चालू असताना दार उघडं, म्हणजे तिला वाटलं तर उठून जाता येईल. एका वेळी तीनच माणसं. आणि प्रत्येक वेळी आधी बघायचं, बाईंची इच्छा आहे का. हे सगळं त्यांनी लसीकरणाच्या जुन्या तक्त्यामागं पेन्सिलनं लिहिलं होतं. डॉक्टरांनी ते टाईप करून घेतलं, प्लास्टिकमध्ये बसवलं, आणि एक रजिस्टर आखलं. त्यात शेवटचा रकाना होता: 'प्राण्याची संमती — होय/नाही'.

पहिले दोन महिने बरे गेले. मार्था यायची, कुणाच्या मांडीला टेकायची, कंटाळली की जायची. तिचा गोठा झाडायचं काम पुष्पावतीनं आपण होऊन घेतलं. ही राजूरकडची बाई, पन्नाशीची. चार वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर तिचं डोकं फिरलं, झोप उडाली, दिवसरात्र बडबडायची. भावानं आणून दाखल केलं. दोन वर्षांपूर्वीच ती बरी झाली होती, गोळ्याही जवळपास बंद झाल्या होत्या, पण भाऊ दर दिवाळीला फोनवर म्हणायचा, अजून थोडे दिवस राहू द्या. थोडे दिवस म्हणजे किती, हे त्याला कुणी विचारत नव्हतं. पुष्पावती शेळ्यांत वाढलेली. मार्थाच्या कासेला हात लावून तीच पहिल्यांदा म्हणाली, "काका, ही गाभन हाय." उजागऱ्यांनी तपासलं, खरंच होती. त्यांनी दिवस मोजून डॉक्टरांना बजावलं: चौथा महिना लागला की सत्रं बंद, कुणी पोट दाबलं तर गाभ टाकील, वेळप्रसंगी शेळी जाईल. डॉक्टरांनी मान हलवली. मान हलवण्यात डॉक्टरांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता.

मग उजागऱ्यांची लेक प्रार्थना त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नगरला घेऊन गेली. आधी एक डोळा, मग दुसरा. सहा आठवड्यांनी ते काळा चष्मा लावून केंद्रात परत आले, तेव्हा त्यांना जे दिसलं ते बघून वाटलं, मोतीबिंदू होता तेच बरं होतं.

मार्था स्टेजसमोरच्या सतरंजीवर उभी होती. पोट दोन्ही बाजूंनी सुटलेलं, कान लोंबते. समोर बिभीषण पाण्याचा तांब्या घेऊन. त्यानं तिच्या पाठीवर पाणी ओतलं. मार्थानं सर्रकन अंग झाडलं. बिभीषणनं रजिस्टर उघडलं आणि 'होय' लिहिलं.

"आरं, हे काय लावलंय?"

"संमती घेतली काका."

"ही कुठली रीत?"

बिभीषणला प्रश्नच कळला नाही. "आमच्याकडं जत्रंत असंच अस्तंय. बोकडावर पानी टाकायचं. त्यानं अंग झाडलं की देवानं कबूल केला. डाक्टर म्हनले, रकाना रिकामा ठिवायचा न्हाई. तुमी नव्हते. मंग मी म्हनलं, आपल्याला येती की रीत."

"आन अंग झाडल्यावर त्या बोकडाचं काय करत्यात?"

"कापत्यात."

"मंग?"

बिभीषणनं प्रामाणिकपणे विचार केला. "पन हितं कापत न्हाईत काका. हितं निस्त्या मिठ्या मारत्यात."

उजागऱ्यांनी रजिस्टर हिसकावून घेतलं. बेचाळीस दिवस, रोज पाच, सहा, कधी आठ सत्रं. शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत होय, होय, होय. पेशंट थोडे, बाकी शनिवार-रविवारी सुप्याच्या कारखान्यांतले मॅनेजर लोक गाड्या भरून ताण घालवायला येत होते. ते मार्थाच्या गळ्यात पडून फोटो काढायचे आणि ताण तिच्यावर टाकून जायचे. उघडं ठेवायचं दार बंद होतं, कारण एसी लावला होता.

ते तडक केबिनमध्ये गेले. डॉक्टरांनी आनंदानं स्वागत केलं. "काका, बरं झालं आलात! पुढच्या गुरुवारी पुण्याहून प्राणी-उपचार मान्यता मंडळाच्या स्नेहल मॅडम येतायत. आपलं प्राण्यांच्या संमतीचं प्रमाण शंभर टक्के आहे. पूर्ण राज्यात कुणाचं नाही!"

"डाक्टर, कुनाच्याबी अंगावर पानी टाकलं तर त्यो झाडनारच. तुमच्यावर टाकलं तरी."

"आपल्याकडं नोंद आहे, काका. प्रत्येक सत्राची."

"नोंद कशाची? ती भिजली ह्याची. आठ-दहा दिवसांत विईल ती. पोटाला दाब बसला तर पिल्लंबी जातील आन तीबी जाईल. आजपासनं बंद करा."

"गुरुवार झाला की नक्की," डॉक्टर म्हणाले. "आणि खरं सांगू? गाभण प्राण्याला मिठी मारल्यावर लोकांना जास्त बरं वाटतं. मातृत्वाची भावना."

यावर उजागरे जे बोलले ते चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणाऱ्या माणसाला शोभणारं नव्हतं. डॉक्टरांनी ते मनाला लावून घेतलं नाही. रागाला ते लक्षण समजत. उजागऱ्यांनी शेळी घरी न्यायचा प्रयत्न केला, तर फाटकावर अडवलं: शेळी केंद्राच्या मालकीची. तेव्हा ते रोज सकाळी येऊन गोठ्याच्या दारात बादली पालथी घालून बसायला लागले. कुणी मार्थाला न्यायला आलं की उठायचे नाहीत. तरी दिवसातून दोन-तीनदा डॉक्टर गोड बोलून त्यांना चहाला न्यायचे, आणि तेवढ्यात बिभीषण तांब्या भरायचा. आत बसून पुष्पावती हे सगळं बघत होती. एकदा ती म्हणाली, "काका, तिचं पोट खाली उतरलंय. जपा तिला." जपायचं कसं ते त्यांना कळत नव्हतं आणि त्याची त्यांना आतून भीती वाटत होती.

गुरुवारी स्टेजला झालर लागली. स्नेहल मॅडम आल्या, साध्या, चष्म्याच्या, हातात फाईल. नारळ फोडू दिला नाही, हार घेतला नाही. म्हणाल्या, "शंभर टक्के संमती मी कुठंही पाहिली नाही. कशी घेता तेवढं मला दाखवा."

सतरंजीवर आठ पेशंट गोल बसवले होते. मधे मार्थाला आणलं. पुष्पावती तिचं दावं धरून आली आणि बाजूला उभी राहिली. बिभीषण नव्या सदऱ्यात, हातात चकचकीत तांब्या. त्यानं पाणी ओतलं.

मार्था हलली नाही.

त्यानं पुन्हा ओतलं. पाणी पाठीवरून, पोटावरून निथळून सतरंजीवर आलं. मार्था मान खाली घालून तशीच उभी. डोळे उघडे, पण कुणाकडं बघत नव्हते. उजागऱ्यांनी असे डोळे पाहिले होते, त्या वासराचे.

बिभीषणला घाम फुटला. पण जत्रेतही असं होतं, आणि तिथंही त्यावर उपाय ठरलेला असतो: देव कबूल करेपर्यंत ओतत राहायचं. त्यानं बादलीच ओढून घेतली. तिसरा तांब्या, चौथा, पाचवा.

"ती नको म्हनतीय!" उजागरे ओरडले.

"काका, प्लीज," डॉक्टर हसत मॅडमकडं वळले. "नकार दिल्याचं कुठलंही चिन्ह दिसत नाही. शांत आहे. आपण संमती धरू शकतो."

पुष्पावतीनं दावं सोडलं. शांतपणे चालत आली, बिभीषणच्या हातातला तांब्या घेतला, बादलीत बुडवून काठोकाठ भरला, आणि डॉक्टरांच्या डोक्यावर पालथा केला.

नोव्हेंबरातलं पाणी. डॉक्टर "हू हू हू" करत नखशिखांत शहारले आणि त्यांनी जोरात अंग झाडलं.

"झाडलं," पुष्पावती म्हणाली. "साहेब कबूल हायेत. लिव्ह रे बिभीषणा, होय. चला, उठा समदे, मिठी मारा सायबाला."

आणि आठही पेशंट उठले. वर्षानुवर्षं त्यांना तिथं एकच गोष्ट नीट शिकवली होती, की सांगितलं ते निमूट करायचं. त्यांनी ते केलं. एकानं मानेला धरलं, दोघांनी कमरेला, एका आजोबांनी मागून पाठीला गाल लावला आणि डोळे मिटून घेतले. डॉक्टर मधून ओरडत होते, "नको! अरे सोडा! नको म्हणतोय ना मी!"

"नको म्हनल्याचं कुटलं चिन्न दिसंना मला," पुष्पावती म्हणाली.

बिभीषणनं रजिस्टरात 'होय' लिहिलं. तो सांगितलेलं करणारा माणूस होता.

स्नेहल मॅडमनी आधी रुमाल तोंडाला लावला. मग रुमाल ठेवून दिला आणि रजिस्टर मागितलं. बेचाळीस दिवसांची पानं त्या उभ्यानंच चाळत गेल्या, तसा त्यांचा चेहरा बदलत गेला. त्यांनी उजागऱ्यांना विचारलं, उजागऱ्यांनी जे होतं ते सांगितलं, आणि तेवढ्यात मार्था सतरंजीवर ओल्यातच बसली. मॅडमनी तिथल्या तिथं आदेश लिहिला: सदर प्राण्याची सर्व सत्रं तात्काळ थांबवावीत, त्यास कायमची निवृत्ती द्यावी, जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात द्यावे, पुढील चौकशीपर्यंत उपक्रम बंद. अक्षर सुरेख होतं. उजागऱ्यांना वाटलं, देव कधीकधी फाईल घेऊनही येतो.

मॅडम निघाल्या तशी पुष्पावती त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"बाई, जाता जाता माझंबी बघा की. चार वर्सांखाली भावानं हितं आनलं, कागदावर माझा अंगठा घेतला. काय लिव्हलंय ते वाचून दाखवलं न्हाई. मी तवा शुद्धीवर नव्हते. आता बरी हाय, डाक्टरच म्हनत्यात. कागदात लिव्हलंय म्हनं, माझी संमती हाय."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. त्यांना खरंच वाईट वाटलं, ते तोंडावर दिसत होतं. "मावशी," त्या म्हणाल्या, "माझ्या अखत्यारीत फक्त प्राणी येतात."

गाडी गेली. केस पुसून होताच डॉक्टरांनी पुष्पावतीच्या फाईलमध्ये लिहिलं: 'अचानक आक्रमक वर्तन. मुक्काम वाढवणे आवश्यक.' उजागऱ्यांना कळवलं की सल्लागाराची गरज आता उरलेली नाही. उजागरे म्हणाले, गरज आधीही नव्हती, नाहीतर सल्ला ऐकला असता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते टेम्पो घेऊन आले. ऑफिसातल्या करण नावाच्या क्लार्कनं त्यांच्यापुढं एक कागद सरकवला. प्राण्याचं नाव, वय, रंग, ताब्यात घेणाऱ्याचं नाव, प्राण्याशी नातं. उजागरे त्या रकान्यापाशी अडले.

"काय लिहू?"

"काहीही लिहा हो. ओळख लिहा."

त्यांनी 'ओळख' लिहिलं, सही ठोकली, करणनं शिक्का मारला. दोन मिनिटांत मार्था सुटली. टेम्पोत वाळलेला पाला अंथरला होता. तिला उचलून ठेवताना तिनं उजागऱ्यांच्या हाताला डोक्यानं जोरात ढुशी दिली, नको म्हणून. त्यांचा जीव भांड्यात पडला. अजून तिच्यात काहीतरी शिल्लक होतं.

फाटकापाशी पुष्पावती उभी होती. तिनं टेम्पोच्या फळीवरून आत हात घालून मार्थाचं पोट चाचपलं.

"दोन हायेत. सोमवारपावतर विईल," ती म्हणाली. "काका, हिला सोडवायला कोनाची सही लागली?"

"माझी."

"तुमी हिचे कोन?"

"कोनी न्हाई. ओळख."

"मंग ओळख तर माझीबी हाय की तुमच्याशी," पुष्पावती म्हणाली. "एक सही माझ्यावरबी करा."

ती थट्टा करत नव्हती. उजागऱ्यांनी टेम्पोवाल्याला थांब म्हटलं आणि ते उलट ऑफिसात गेले. करण जेवायचा डबा उघडत होता.

"पुष्पावतीला सोडवायला कोनता कागद लागतो?"

"तिचा भाऊ लागतो."

"मी करतो सही."

"रक्ताचं नातं आहे?"

"न्हाई. बकरीला चाललं की."

"काका, तो फॉर्म वेगळा," करण म्हणाला, आणि त्यानं भाजीचं झाकण काढलं.

उजागरे तिथं उभे राहिले. आयुष्यभर ते जनावरांच्या बाजूनं भांडले होते. त्यांनी केलेला प्रत्येक नियम प्लास्टिकमध्ये बसवून भिंतीवर लावलेला होता, आणि त्यातला एकही त्या बाईला लागू नव्हता. दोन महिने ती त्यांच्यासमोर गोठा झाडत होती, शेळीची काळजी सांगत होती. तिचा कागद काय आहे हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

ते बाहेर आले. पुष्पावतीनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं.

"मी भावाकडं जातो राजूरला," उजागरे म्हणाले. "उद्याच जातो. कोर्ट-कचेरी काय आसंल ती बघतो."

"जा की," ती म्हणाली. "आदी हिला घरी न्या. गरम पानी ठिवा, गूळ द्या, आन पिल्लांमागनं वार पडस्तवर बाजूला हलू नका."

टेम्पो बाहेर पडला. मार्था एकदा ओरडली. पुष्पावतीनं लोखंडी फाटक ओढलं, आतून कडी घातली, कुलूप लावलं आणि किल्ली पदराला बांधली. त्या आठवड्यात फाटकाचं काम तिच्याकडं होतं. डॉक्टरांच्या वेळापत्रकात त्याला 'कार्योपचार' म्हटलेलं होतं.